कार्डातला झोळ

संगणकात बसवायचं कार्ड म्हणजे हातात मावेल असं काहीतरी असेल, अशी थोरलीची साधी समजूत होती. दुकानदाराने खोक्यातून ते बाहेर काढलं तेव्हा ती चाटच पडली. चांगलं विटेएवढं धूड, वर दोन पंखे आणि खालच्या कडेला सोनेरी दात. "याला कार्ड म्हणता, तर खोकं कशाला म्हणता?" असं विचारून तिने ते दोन्ही हातांत घेतलं आणि तोलून बघितलं. नवी वस्तू दिसली की आधी तोलायची, मग उलटी करून बघायची आणि मग समोरच्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड होती. हिला जीभ दिली ती फक्त 'का' म्हणायला, असं तिची आई म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

धाकटी शेजारी उभी राहून दुकानदाराला काम समजावून सांगत होती. त्याचं अर्धं लक्ष दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. "आम्ही दोघी जावा, मिळून काम करतो," एवढंच त्याच्या कानावर पडलं आणि तो म्हणाला, "जावासाठी एवढं मोठं कार्ड कशाला घेताय? जावा साध्या मशीनवरही चालते." त्याच्या डोक्यात संगणकाची भाषा होती, यांच्या डोक्यात घरातलं नातं. धाकटीला हसू आवरेना. थोरलीला आधी काही कळलं नाही. धाकटीने समजावल्यावर ती दुकानदाराला म्हणाली की आमच्या घरातल्या जावा एका मशीनवर कधीच चालल्या नाहीत, म्हणून तर दोन मशिनी आहेत. मग त्याने नीट ऐकून घेतलं.

काम असं होतं. थोरली कपडे बेतायची आणि कापायची. केस पांढरे होईपर्यंत तिने तेच केलं होतं. धाकटी लग्न होऊन घरात आली ती संगणक घेऊनच. थोरलीने कागदावर आखलेला बेत धाकटी संगणकात भरायची, आणि मग पडद्यावर एक बाई तो कपडा अंगात घालून चालायची, वळायची, बसायची. खरं कापड कसं पडेल ते आधीच दिसायचं. कात्री त्यानंतर. एका नाटक कंपनीला ही पद्धत फार आवडली होती, आणि घरातल्या पुढच्या खोलीतला कारखाना आता मुख्यतः तिच्याच कामावर चालत होता.

या खेपेला कंपनीने राणीचा झगा सांगितला होता, मागे जमिनीवर लोळणारा. त्यासाठी गडद जांभळ्या मखमलीचा एक तागा आला होता. कंपनीच्या कोठारात तो कितीतरी वर्षं पडून होता आणि तसली जड, दाट लवेची मखमल आता कोणी विणत नाही, असं कपडेपटाच्या बाईंनी दहादा बजावलं होतं. झग्याला पुरेल इतकीच होती. बेत चुकला तर दुसरा तागा नाही, झगा नाही, आणि बहुधा ती कंपनीही नाही. कात्री सोमवारी लावायची ठरली होती. त्याआधी पडद्यावर झगा बघायचा, तर जुन्या संगणकाने हात टेकले. एवढा घेर, एवढ्या चुण्या आणि एवढं जड कापड त्याला पेलेना. चित्र पावलापावलाला अडायचं. म्हणून हे चित्रं काढणारं कार्ड.

दुकानदाराने दोन कार्डं पुढे ठेवली आणि दोन्ही घरी न्या, चालवून बघा, नको असेल ते सोमवारी आणून द्या, असं सांगितलं. एक अगदी नवं होतं. दुसरं आधीच्या पिढीतलं, कोणीतरी वापरून विकलेलं. "जुन्यात काही झोल वाटला तर बिनधास्त परत आणा," तो म्हणाला. झोल म्हणजे गडबड, लबाडी, आतली भानगड. थोरलीने आपल्या सवयीने झोळ ऐकलं. झोळ म्हणजे अंगाला न बसता कपडा जिथे ढिला पडून लोंबतो तो. शिंप्याच्या घरात त्याहून वाईट शब्द नाही. कार्डाला झोळ कसा येईल, हा प्रश्न तिने वाटभर मनात घोळवला.

घरी आल्यावर धाकटीने दोन्ही कार्डांची तुलना पडद्यावर समोरासमोर लावली. डाव्या बाजूला नवं, उजव्या बाजूला जुनं, आणि खाली आकड्यांची चवड. कामाचा वेग, वीज किती खातं, सेकंदाला किती चित्रं काढतं, मेमरी किती. जवळपास प्रत्येक ओळीत नवं पुढे होतं. वीज कमी खायचं, तापायचं कमी आणि खेळांच्या चाचण्यांमध्ये तर जुन्याला कुठल्या कुठे मागे टाकायचं. फक्त मेमरीच्या ओळीत उलटं होतं. नव्याला आठ जीबी, जुन्याला सोळा.

"मेमरी म्हणजे? त्याला आठवतं काय?" थोरलीने विचारलं.

धाकटीने डोकं खाजवलं. मग तिची नजर खोलीतल्या लांबलचक कापायच्या टेबलाकडे गेली आणि तिला उत्तर सापडलं. कार्डाच्या आत हजारो बारीक हात असतात असं समजा, ती म्हणाली. कोणाचे हात भराभर चालतात, कोणाचे हळू. तो झाला वेग. आणि ते हात ज्या टेबलावर काम पसरतात, ते टेबल म्हणजे मेमरी. नव्याचे हात चपळ आहेत, टेबल लहान. जुन्याचे हात मंद आहेत, टेबल मोठं.

हे थोरलीला इतकं पटलं की तिने लगेच दोघांचं बारसं करून टाकलं. नव्याचं नाव चटपट, जुन्याचं ऐसपैस. त्यानंतर धाकटीसुद्धा तीच नावं घेऊ लागली, आणि जेवायला आलेल्या दोघींच्या नवऱ्यांना आपल्या घरात हे कोण दोन पाहुणे उतरलेत ते कळेना.

आधी चटपट बसवलं. खरोखरच नावाप्रमाणे निघालं. मागे केलेला एक जुना अंगरखा त्याने चुटकीसरशी उभा केला. पडद्यावरची बाई चालू लागली की अंगरख्याची टोकं तिच्या मागे अशी हलायची की थोरलीने नकळत हात पुढे करून कापड चिमटीत धरायला बघितलं. मग ऐसपैस लावलं. तोच अंगरखा, तीच बाई, पण जरा सावकाश, आणि पंखे असे घुमायला लागले की शेजारच्या शिलाई यंत्राचा आवाज ऐकू येईना. धाकटी म्हणाली, निकाल इथेच लागला. थोरली म्हणाली, अंगरख्यावर कसला निकाल लावतेस, झगा घाल.

नाटक कंपनीने राणीचं काम करणाऱ्या नटीचं अंग यंत्राने मोजून पाठवलं होतं. मान ताठ, खांदे मागे, रंगमंचावर उभी राहणार तशी. धाकटीने थोरलीचा बेत त्या अंगावर चढवला. चटपटवर झगा एका दमात उभा राहिला. घेर सुरेख पसरला, पाठ आरशासारखी साफ. दोघी कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. घोळ झग्याला असावा, कामात नसावा, असं थोरली नेहमी म्हणायची; इथे तर दोन्ही जिथल्या तिथे होतं. मग नुसती खात्री म्हणून धाकटीने तोच झगा ऐसपैसवर चढवला. बराच वेळ लागला. मधल्या काळात थोरलीने दोन कॉलर शिवून घेतल्या. झगा उभा राहिला तेव्हा घेर तसाच सुंदर होता, किंबहुना मखमल जास्त जड आणि खरी वाटत होती. पण पाठीवर, कमरेच्या जरा वर, कापड आडवं गोळा होऊन लोंबत होतं.

धाकटीने ते एकदा बघितलं, कार्ड काढून परत बसवलं, पुन्हा बघितलं. झोळ तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चालवलं, तरी तिथेच. तिने हात झटकले. "ताई, या ऐसपैसमध्येच झोल आहे. दुकानदार म्हणालाच होता. तुमच्या कटात झोळ येणं शक्य तरी आहे का?"

खरं सांगायचं तर थोरलीला हे ऐकून बरं वाटलं. गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता. सुईत दोरा ओवायला आताशा ती खिडकीशी जायची, आणि कोणी बघत नाही ना हे आधी बघायची. कागदावर आखताना हात चालायचा तसाच चालायचा, पण आपला हात अजून तोच आहे का, हा प्रश्न ती कोणालाच विचारू शकत नव्हती. इतर सगळे प्रश्न ती जगाला विचारायची. हा एक मात्र तिने पोटात ठेवला होता. आता एक यंत्र तिची पाठ थोपटत होतं आणि दुसरं नाक मुरडत होतं, तर जे नाक मुरडत होतं ते बिघडलेलं निघालं. यापेक्षा सोयीचं काय असणार. तिने ऐसपैसचं खोकं स्वतःच्या हाताने शोधून आणलं.

पण खोड कुठे जाते. ऐसपैस खोक्यात घालताना ते पुन्हा एकदा हातात तोललं गेलं, आणि वाटभर मनात घोळलेला प्रश्न परत वर आला. बिघडलेलं यंत्र वेडंवाकडं काढेल, रंग सांडेल, बंद पडेल. नेमका शिंप्याला येतो तसा झोळ, नेमका जिथे यायचा तिथे, बिघडलेल्या यंत्राला कसा जमेल? त्याला शिवणकाम शिकवलेलं नसताना ते चूक तरी शिंप्याची कशी करेल?

ती धाकटीजवळ जाऊन बसली. "मला एक सांग. चटपटचं टेबल लहान म्हणालीस. हा झगा त्या टेबलावर मावला?"

मावला असणार, धाकटी म्हणाली, नाहीतर यंत्राने तसं सांगून काम थांबवलं असतं.

"मला टेबलावर मावेना झालं की मी कापड दुमडते. हे काय करतं?"

धाकटीने संगणकाच्या सेटिंगा उघडल्या. मग ती त्या एकेक करून बघत गेली. संगणक कापडाचं कापड काढत नाही, बारीक बारीक ठिपक्यांची जाळी काढतो आणि ते ठिपके ओढले जातात, लोंबतात, दुमडतात, हे थोरलीला तिने पूर्वीच सांगितलं होतं. जेवढे ठिपके जास्त तेवढं कापड खरं. आता तिला दिसलं की झगा काढणाऱ्या प्रोग्राममध्ये एक खूण आपोआप लागलेली होती. मेमरी कमी पडली तर जमेल तेवढ्यात भागवा, असा तिचा अर्थ. चटपटवर झगा मावत नव्हता. म्हणून प्रोग्रामने गुपचूप ठिपके कमी केले होते, थोडेथोडके नाहीत, चारातले तीन काढून टाकले होते. विरळ जाळीला बारीक दुमड पडतच नाही. ती पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते. म्हणून पाठ आरशासारखी साफ होती. ऐसपैसवर मात्र सगळे ठिपके मावले होते.

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे थोरली गिऱ्हाइकांना सांगत आली होती. ते आज आपल्याला कोणी ऐकवेल असं तिला वाटलं नव्हतं. धाकटी मात्र अजून मागे हटायला तयार नव्हती. चटपट लबाडी करतंय हे मान्य, ती म्हणाली, पण त्यावरून ऐसपैस शहाणं ठरत नाही, ते वेगळ्या कारणाने बिघडलेलं असू शकतं. तिचं म्हणणं तर्काला धरून होतं. पण ते बोलताना ती थोरलीकडे बघत नव्हती.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," थोरली उठत म्हणाली. "शिवूनच बघू."

माळ्यावर एक जुना जाड पडदा होता. थोरलीने तो टेबलावर पसरला, झग्याचा वरचा भाग आणि घेराचा अर्धा पट्टा त्याच्यावर आखला आणि कापला. धाकटीने लांब टाके घालून तो जोडला. खालच्या कडेला थोरलीने वजनासाठी जुनी बटणं पिशवीत भरून टाचली, म्हणजे मखमलीइतकी ओढ बसेल. धाकटीचं माप नटीच्या मापाच्या जवळपास होतं, म्हणून तो अवतार तिच्याच अंगावर चढला. थोरली मागे गेली. तिने चष्मा नाकावर दाबून बसवला आणि पाठ बघितली.

पाठ साफ होती. कुठे एक चुणी नव्हती.

थोरलीच्या छातीवरचं ओझं इतकं एकदम उतरलं की ती मोठ्याने हसली. धाकटीही हसली. बघा, कार्डच बिघडलेलं होतं, असं दोघी एकदमच बोलल्या. थोरलीने टाचण्या सोडवायला हात पुढे केला आणि तो हात मधेच थांबला. तिला धाकटीची पाठ दिसत होती. दिवसचे दिवस संगणकापुढे बसून गोल झालेली, खांदे पुढे पडलेले, मान कासवासारखी बाहेर. राणी अशी कशी उभी राहील, असं तिच्या मनात आलं. आणि त्यामागोमाग आणखी एक गोष्ट आठवली. नटीचं माप तिने टेपने स्वतः घेतलं होतं, तालीम संपल्यावर. ती बाई दमून गेली होती, खांदे पाडून उभी होती, लवकर उरका म्हणत होती. थोरलीने उरकलं होतं. बेत तिने त्याच मापावरून आखला होता. यंत्राने मोजलेलं ताठ अंग नंतर आलं, ते फक्त धाकटीने उघडलं होतं.

वाकलेली पाठ लांब भरते, ताठ पाठ आखूड. हे ती शिकाऊ मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवायची.

थांबलेला हात पुढे नेऊन तिने टाचण्या सोडवल्या असत्या तर कोणाला काही कळणार नव्हतं, निदान सोमवारपर्यंत. तो विचार तिच्या मनाला शिवून गेला हे खरं. पण आता जाणून घेतल्याशिवाय तिला राहवलंही नसतं.

"राणीसारखी उभी राहा," ती म्हणाली.

धाकटीने मान वर केली, खांदे मागे नेले. पडद्याचं कापड कमरेच्या वर गोळा झालं आणि आडवं लोंबलं. झोळ संगणकावर दिसला होता तसाच, तेवढाच, त्याच जागी. धाकटीला पाठ दिसत नव्हती, पण समोरच्या आरशात थोरलीचा चेहरा दिसत होता.

थोरलीने खडू घेतला, झोळाच्या वर एक रेघ मारली, खाली एक मारली आणि मधला भाग चिमटीत घेऊन टाचला. पाठ साफ झाली. दोन बोटांची चूक होती. मखमलीवर ती दोन बोटं कापल्यावर कळली असती, आणि झोळ काढायला पाठ उचलली असती तर मागचा सगळा घेर जमिनीवरून तिरका उठला असता. ती टेबलाच्या कडेवर टेकली.

"तुला हे दोन दिवस दिसत होतं," ती म्हणाली.

"दिसत होतं." धाकटीने झगा तसाच अंगावर ठेवून तिच्याकडे तोंड केलं. "पण तुमचा कट चुकेल हे मनातच येईना. मग चुकायला कार्डच उरलं."

थोरलीने खडू टेबलावर ठेवला. बाहेरच्या रस्त्यावर कोणीतरी लोखंडी शटर ओढलं. धाकटीला वाटलं, आता ताई रागावतील किंवा रडतील, आणि दोन्हीसाठी तिने मनाची तयारी केली. तिला स्वतःलाच रडू येत होतं. एवढ्या मानाने वागवलं आणि त्या मानापायी ताईंच्या हातून मखमल कापली जाणार होती, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"हे बघ," थोरली शेवटी म्हणाली. "यापुढे माझी चूक दिसली तर कार्ड बदलू नकोस. मला सांग."

धाकटीने मान डोलावली. मग ती तशीच उभी राहिली, झग्याच्या बटणांची पिशवी पायाशी, ओठ दाताखाली. थोरलीने टाचण्यांची डबी उचलली तरी ती हलेना.

"ताई," ती म्हणाली, "मग डावी बाही पण बघा. तिच्यातली चूक तर दोन्ही कार्डांवर दिसते."

बाही कशी चुकेल, असं थोरली बोलणार होती. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि संगणकापुढची खुर्ची ओढून घेतली.

"दाखव," ती म्हणाली.